पैलवान पालथा पडला तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, लेथवर ऑपरेटर आहे. गेमसाठीचं ॲनिमेशन घरीच शिकलो, कोर्स केलेला नाही. एकदा फी विचारून आलो होतो, तेवढंच. घरी मराठी, वर्कशॉपमध्ये कन्नड, ट्यूटोरियलं हिंदी-इंग्रजीत. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून तेच घेतलं. २.७९ वर जरा हात बसतोय तोवर २०१९ च्या जुलैत २.८० आलं आणि राइट क्लिकनं सिलेक्ट करायचं ते लेफ्टवर गेलं. महिनाभर बोट चुकत होतं.

सगळ्यांसारखी सुरुवात चालण्यापासून केली. टाच टेकते तो काँटॅक्ट, वजन घेताना गुडघा वाकतो तो डाऊन, मागचा पाय शेजारून जातो तो पासिंग, अंग उचललं जातं तो अप. चार पोझ या पायाच्या, चार त्या पायाच्या. दोन पोझच्या मधे काय होतं ते ग्राफ एडिटरमधली, म्हणजे हालचालीच्या आलेखातली, रेघ ठरवते. ब्लेंडर तिथं आपणहून बाकदार रेघ काढतं. मला ती बघवायची नाही. लेथवर जी वन ही आज्ञा दिली की टूल ठरल्या वेगानं सरळ जातं, ते माझ्या सवयीचं. म्हणून सगळ्या रेघा लिनियर, म्हणजे सरळ, करून टाकल्या. बाबा वडगावात यंत्रमागावर. कामावरून आले, मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "हे काय करालास रे? माणूस हाय का धोटा?"

खरंच मागातला धोटा होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकाच वेगानं. हात टोकाला पोचताना मंदावतो, वळतो, मग पुन्हा वेग घेतो. रेघ बाकदार असते ती त्यासाठी. लिनियरचा नाद सोडला.

पुढे चार महिने बॉल उड्या मारणं, पिशवी उचलणं असलं करत बसलो. एका बाहेरगावच्या पार्टीनं "टेस्ट" म्हणून चार ॲनिमेशनं फुकट करून घेतली आणि फोन उचलायचं बंद केलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं शिकलो ते कुस्तीच्या गेममुळे. पुण्याची तीन पोरं तो बनवत होती, त्यांना मातीतला पैलवान पाहिजे होता. बेळगावच्या माणसाला हे सांगायला लागतं? मित्राच्या तालमीत गेलो, मोबाइल स्टुलावर ठेवून एकदा समोरून, एकदा बाजूनं शूटिंग केलं. माझं सगळं लक्ष हातांवर. वस्ताद म्हणाले, "हातात काय बघतोस? पायात बघ." पवित्र्यात उभा पैलवान स्थिर दिसतो, पण वजन सारखं एका पायावरून दुसऱ्यावर जात असतं. कंबर आधी सरकते, खांदे मागून येतात. हे कुठल्या ट्यूटोरियलात नव्हतं असं नाही, मला दिसलं मात्र तिथं.

घरी येऊन झेपेचं ॲनिमेशन केलं. आधी मागं झुकणं, मग झेप. झुकायला १२ फ्रेम दिल्या, दिसायला झकास. पोरांचा निरोप आला, बटण दाबल्यावर काहीच होत नाही. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १२ म्हणजे ०.४ सेकंद. सिनेमात बघणारा थांबतो, गेममध्ये बटण दाबणारा चिडतो. झुकणं ३ फ्रेमवर आणलं आणि वाचलेला वेळ झेपेनंतर तोल सावरण्यात घातला. वजन तिथंही दिसतं.

मग युनिटीत, म्हणजे गेम जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल टाकली तर पैलवान जमिनीवर पालथा. ब्लेंडरमध्ये झेड अक्ष वर जातो, युनिटीत वाय. लेथवर तर झेड आडवाच असतो, त्यामुळे मला आधी त्यात काही वावगंच दिसलं नाही! पालथा पडलेला पैलवान कुस्तीत हरलेला नसतो, हेच काय ते समाधान. एक्स्पोर्टचे अक्ष आणि आर्मेचरचं (पात्राच्या आतल्या सांगाड्याचं) रोटेशन नीट करण्यात एक रविवार गेला.

तो उभा राहिला, चालायला लागला, आणि पाय सरकायला लागले, बर्फावर चालल्यासारखे. गेममध्ये पात्राला कोड पुढे नेतो, आपण त्याला जागेवरच चालवतो. माझ्या चालण्याच्या एका फेरीत, म्हणजे सायकलमध्ये, दोन पावलांत १.४ मीटर, २४ फ्रेम म्हणजे ०.८ सेकंद. वेग झाला सेकंदाला १.७५ मीटर. कोडमध्ये होता २.५. तो जुळवला, तरी टेकलेला पाय किंचित घसरतच होता. दोन रात्री गेल्यावर ग्राफ बघताना कळलं, टेकलेल्या पायाची रेघ बाकदार होती. जमीन एका वेगानं मागं जाते, मग तिच्यावर टेकलेला पायही एकाच वेगानं मागं गेला पाहिजे. लिनियर. जी वन. जे सोडायला एवढा वेळ लागला तेच तेवढ्या फ्रेमपुरतं परत आणलं.

आता लूपमध्ये पहिली आणि पंचविसावी फ्रेम एकच असते, म्हणून चोविसाव्यावर कापायचं, नाहीतर प्रत्येक फेरीला अडखळतो, असल्या गोष्टी हाताला आपोआप कळतात. सहा ॲनिमेशनांचे पैसे मिळाले. नोकरी चालूच आहे.

गेम मोबाइलवर चालला त्या दिवशी वस्तादांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून पैलवानाला चार वेळा चालवलं, दोनदा झेप घ्यायला लावली. मग स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"पाय बरे हायत. पण ह्याचे कान का असे? मोडलेले न्हाईत."

तालमीत रगडून पैलवानाचे कान मोडतात, ते खरं. पण कान हे पात्राचा आकार घडवणाऱ्या मॉडेलिंगवाल्याचं काम, माझं नाही. तरी त्याला फोन केला.