हस्तलिखितानंतरचा अंक

शाळेच्या आठवणी लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी छपाई आणि मांडणीच्या धंद्यातला, म्हणून मनोगताची माझ्या वाट्याची पानं त्याच कामावर खर्च करतो. आज आपल्या शाळेत हस्तलिखित सजवणारी मुलं उद्या कॉलेजात जातील, आणि अक्षर बरं आहे, लिहिता येतं, एवढ्या भांडवलावर वार्षिक अंकाच्या संपादक मंडळात ओढली जातील. हस्तलिखिताची प्रत एकच. मजकूर उरला तर आणखी एक कार्डशीट जोडता येतं. हजार प्रतींच्या अंकात ही मुभा नसते. तिथे एक पान कधीच वाढत नाही. वाढली तर चार, आठ नाहीतर सोळा वाढतात. मंडळातली निम्मी भांडणं (कुणाची कविता राहिली, कुणाचा अहवाल कापला) या एका हिशेबातून उगवतात.

बहुतेक मंडळं सुरुवात मुखपृष्ठापासून करतात. मी म्हणेन, कागदापासून करा. आपल्याकडे पुस्तकी कामाला सर्रास मिळणारा कागद २३ × ३६ इंचाचा, म्हणजे डबल डेमी. त्याच्या एका बाजूवर ९ × साडेअकरा इंचाची आठ पानं बसतात, दोन्ही बाजूंवर मिळून सोळा. हा एक फर्मा. कडा कापल्यावर हातात येतं ते साधारण साडेआठ × अकरा इंचाचं पान, म्हणजे डेमी पाव. आता गंमत पाहा. कॉलेजातली मुलं संगणकावर पान उघडतात ते ए-फोर मापाचं, कारण ते आपोआप उघडतं. ए-फोरची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे अकरा पूर्णांक सात दशांश इंचाच्या आसपास. साडेअकरा इंचात ते मावत नाही. मग प्रेसवाला एकतर २५ × ३६ चा कागद मागवायला सांगतो, किंवा सगळी पानं थोडी लहान करून छापतो आणि समास वेडेवाकडे होतात. पहिलं पान लावण्याआधी प्रेसमध्ये जाऊन कागदाचं माप विचारून यावं, ते एवढ्यासाठी.

फर्मा समजून घ्यायला यंत्र लागत नाही. कोणताही मोठा कागद तीनदा घडी घाला, न कापता पानांना १ ते १६ आकडे टाका आणि उलगडा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ येतील, दुसऱ्या बाजूला उरलेले. शीर्षकं लाल किंवा निळ्या रंगात हवी असतील, तर ती पानं एकाच बाजूला येतील असा क्रम लावा. जादा रंगाची प्लेट (छपाईचा धातूचा पत्रा; दर बाजूच्या दर रंगाला एक) एकदाच लागेल. हे अनुक्रम ठरवताना केलं तर फुकट होतं, नंतर सुचलं तर दुप्पट पैसे पडतात.

समजा ९६ पानांचा अंक आणि १००० प्रती. त्यातली आठ पानं रंगीत फोटोंची, १३० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत आर्ट पेपरवर. उरलेली ८८ पानं काळ्या शाईत, ७० जीएसएमच्या मॅपलिथो या छपाईच्या साध्या कागदावर; म्हणजे पाच पूर्ण फर्मे आणि एक अर्धा. कागद लागतो ५५०० ताव, म्हणजे ५०० तावांची ११ रीम. या मापाचं ७० जीएसएमचं रीम साधारण १८.७ किलो भरतं. यंत्र लावताना आणि घडी-बांधणीत ताव वाया जातात, त्यासाठी एक रीम वर धरा. एकूण सव्वादोनशे किलोच्या आसपास. दरपत्रकात कागदाचं वजन याहून फार वेगळं दिसलं तर विचारायचा हक्क आहे. प्लेट मोजायच्या तर पाच फर्म्यांच्या दोन्ही बाजूंच्या दहा, अर्ध्या फर्म्याची एक (त्याची आठही पानं एकाच प्लेटवर बसवतात, कागद उलटून तीच प्लेट पुन्हा छापतात आणि ताव मधोमध कापतात), रंगीत आठ पानांच्या त्याच पद्धतीने चार, आणि मुखपृष्ठाच्या चार. एकोणीस. प्रती ५०० काढा की १०००, प्लेट एकोणीसच. म्हणून प्रती निम्म्या केल्या तरी खर्च निम्मा होत नाही, आणि खर्च कमी करायचा असेल तर प्रतींपेक्षा पानांकडे पाहावं. त्यातही रंगीत पानं अंकभर विखुरलेली असतील तर ती एका फर्म्यात गोळा करा.

पानांची वाटणी ऑगस्टमध्येच कागदावर यावी. याच ९६ पानांची एक वाटणी अशी होते: सुरुवातीची सहा (श्रेयनामावली, अनुक्रमणिका, संपादकीय, प्राचार्यांचं निवेदन), मराठी ३८, हिंदी ८, इंग्रजी १४, अहवाल १६, फोटो ८, जाहिराती ६. यातली अहवालांची सोळा पानं पाळणं सर्वांत कठीण. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, जिमखाना, वाङ्मय मंडळ आणि प्रत्येक विषयाचा विभाग आपापले अहवाल पाठवतो. सगळे ‘दीपप्रज्वलनाने कार्यक्रमाची सुरुवात झाली’ या वाक्याने सुरू होतात आणि आभारप्रदर्शनावर संपतात. हे अहवाल शब्दशः घेतले तर तीस पानं खातात, ती विद्यार्थ्यांच्या लेखनातून कापली जातात आणि मग अंक कोणी वाचत नाही. उपाय तक्त्याचा: तारीख, उपक्रम, पाहुणे, उपस्थिती. चार समित्या एका पानात बसतात. ज्याबद्दल खरोखर सांगण्यासारखं आहे, उदाहरणार्थ श्रमशिबिरात बांधलेला वनराई बंधारा, त्यावर एका विद्यार्थ्याकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा.

फलकावर ‘साहित्य पाठवा’ एवढंच आवाहन लावलं की पाऊस, आई आणि मैत्री यांवरच्या कवितांचा ढीग जमतो. त्यात चांगल्या चार असतात. पण लेख मिळत नाहीत. लेख नेमून द्यावे लागतात. एखादा विषय घ्या जो तालुक्यात पायी फिरून कळेल: आठवडी बाजार, एसटीच्या पासावर रोज येणारी मुलं, वसतिगृहाची मेस, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुली. तो आठ-दहा तुकड्यांत वाटा, प्रत्येक तुकड्याला नाव, शब्दमर्यादा आणि तारीख लावा. कॉलेजचा विद्यार्थी अंक चाळतो तो आधी फोटोंसाठी, मग ओळखीच्या नावांसाठी. थांबतो मात्र स्वतःच्या जगण्यातलं काही दिसलं तरच. उचललेला मजकूर ओळखायला मधलं एखादं चमकदार वाक्य जसंच्या तसं शोधून पाहावं. आणि लेखकाला समोर बसवून ‘हे तुला कुठे दिसलं?’ एवढं विचारावं. बहुतेकदा तेवढं पुरतं.

शब्दमर्यादा हवेतून ठरवू नये. डेमी पाव पानावर दोन स्तंभ, १२ पॉइंट अक्षर (इंचात ७२ पॉइंट), १६ पॉइंट ओळअंतर आणि नऊ इंच उंचीचा मजकूर घेतला तर प्रत्येक स्तंभात चाळीस ओळी येतात, ओळीत सहाच्या आसपास शब्द. पानाला ४५० ते ५०० शब्द. शीर्षक आणि एक चित्र धरून बाराशे शब्दांचा लेख तीन पानं घेतो. कविता चोवीस ओळींपर्यंत; पानावर दोन, तिसरी कोंबायची नाही. कवितेची ओळ स्तंभात मावत नसेल तर ती कुठे मोडायची हे कवीला विचारा, नाहीतर संगणक मोडेल तिथे ती मोडते.

अक्षरांकडे येतो, कारण मराठी अंक इथेच इंग्रजी अंकाहून वेगळा होतो. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापाचं ओळअंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. शीर्षकात अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, तेव्हा तो मोह टाळा. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवल्या तर मराठीतले लांब शब्द तुटत नाहीत आणि मधे पांढरी भगदाडं पडतात. त्यापेक्षा उजवी कड मोकळी सोडलेली बरी. काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर नऊ-दहा पॉइंटात घेऊ नये, बारीक रेघा शाईने भरतात. आणि कवितेखाली गुलाबाचा फोटो फिका करून टाकण्याची प्रथा कुणीतरी बंद करायला हवी.

टंक (फॉन्ट) निवडताना ल आणि श पाहा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, तर पुष्कळ टंकांत हिंदी वळणं मुळातच बसवलेली असतात. मुक्त, बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका, टिरो देवनागरी मराठी असे मोफत युनिकोड (सगळ्या संगणकांवर आणि फोनवर चालणाऱ्या संकेतातले) टंक उपलब्ध आहेत. अंकभर दोन टंक पुरतात, एक मजकुराला, एक शीर्षकाला.

मजकूर कुणी फोनवर युनिकोडमध्ये पाठवतं, कुणी श्रीलिपी या युनिकोडआधीच्या जुन्या पद्धतीत टाइप करून आणतं. एकातून दुसऱ्यात नेताना रफार सरकतो, चंद्रकोरीचा र मोडतो, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ होतं. सगळ्या फाइलींत ‘र्य’ शोधून एकेक पाहावा लागतो. सगळे एकदम बदलू नका, नाहीतर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ही जातील. पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर युनिकोड ओळखत नाही. इनडिझाइन ओळखतं, पण त्यात ‘वर्ल्ड-रेडी’ कम्पोजर (ओळी जुळवण्याचा एक पर्याय) निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसायची ती नंतर बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात.

मुद्रितं (तपासण्यासाठीच्या छापील प्रती, प्रूफं) तीन काढा. पहिल्याला दोघांनी बसावं, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवावं. एकट्याने वाचताना गळलेली ओळ सापडत नाही, कारण वाक्य मनातच पूर्ण होतं. दुसरं मुद्रित लावलेल्या पानांचं. तिसऱ्यात मजकूर वाचायचाच नाही. फक्त शीर्षकं, नावं, वर्ग, फोटोखालच्या ओळी, पृष्ठांक, अनुक्रमणिका आणि जाहिरातींतले फोन नंबर. मुद्रक, प्रकाशक आणि मुद्रणस्थळ यांची ओळही इथेच तपासा. दुरुस्तीच्या पुढच्या दोन ओळी पुन्हा पाहा, दुरुस्ती करताना नवी चूक तिथेच शिरते.

फोटोंचा हिशेब इंचात करा. सात इंच रुंदीच्या फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २१०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे सव्वापाच इंचापर्यंतच नीट छापतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात मिळतो. समूहचित्रात एका रांगेत पंधरा जण उभे असतील तर सात इंचात प्रत्येकाला बारा मिलिमीटर मिळतात, चेहरा जेमतेम पाच. याहून लहान झाला तर आईलासुद्धा ओळखता येत नाही. तेव्हा मोठ्या वर्गाचे दोन फोटो काढा. नावं फोटो काढतानाच, उभ्या रांगेप्रमाणे डावीकडून उजवीकडे लिहून घ्या.

रंगीत पानांवरचा मजकूर फक्त काळ्या शाईचा हवा. वर्डमधून आलेला काळा रंग रूपांतरात चार शायांचा बनतो, आणि प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते. शुद्ध काळा ठेवल्याचा आणखी एक फायदा: प्लेट झाल्यावर पाहुण्यांच्या नावात चूक सापडली तर चारऐवजी एकच प्लेट बदलावी लागते. कडेपर्यंत जाणारं चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा घ्या, नाहीतर कापताना पांढरी रेघ उरते.

साठ-पासष्ट पानांपर्यंत मधली पिन चालते आणि त्यासाठी पानं चारच्या पटीत हवीत. ९६ ला पाठीवर सरस लावून बांधणी करतात. आतला समास किमान १८ ते २० मिलिमीटर ठेवा, कारण अंक पूर्ण उघडत नाही आणि दोन पानांवर पसरलेल्या फोटोतला मधला माणूस गडप होतो. कागदाचे तंतू पाठीला समांतर हवेत, आडवे असतील तर पानं लाटांसारखी उभी राहतात. मुखपृष्ठाला २५० किंवा ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. पाठीची जाडी अंदाजाने न धरता त्याच कागदाची कोरी डमी (नमुना प्रत) बांधून मागवा आणि मोजा.

तारखा उलट्या मोजा. परीक्षांआधी, १५ फेब्रुवारीला अंक वाटायचा तर ३१ जानेवारीला फाइल प्रेसमध्ये, डिसेंबरअखेर सगळी पानं लागलेली, आणि मजकूर दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात हाती. स्नेहसंमेलनाचे फोटो उशिरा येणारच. ते आठ पानांच्या वेगळ्या रंगीत फर्म्यात असल्याने तेवढाच शेवटी छापता येतो, बाकीचे फर्मे त्यासाठी अडत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अंक परीक्षेच्या प्रवेशपत्राबरोबर द्यावा. नंतर ती पांगतात आणि गठ्ठे ग्रंथालयाच्या माळ्यावर जातात.

अंक निघाल्यावर एक पेन ड्राइव्ह भरून ग्रंथपालांकडे ठेवायचा. त्यात पीडीएफ असतेच, पण पानांच्या मूळ फाइली, वापरलेले टंक, मूळ आकाराचे फोटो, पानवाटणीचा तक्ता आणि प्रेसचं दरपत्रकही असावं. पुढच्या वर्षीच्या मंडळाला जुलैमध्ये तो शोधावा लागू नये म्हणून त्याची नोंद दाखलवहीत करून घ्या.