वीस जीबी आणि एक बटण सेल

आमच्या डिचोलीच्या घरात एक जुना पीसी आहे. विंडोज ७, ३२ बिट, दोन जीबी रॅम. इंटरनेट त्याला जोडलेलं नाही, आणि जोडायचंही नाही, कारण १४ जानेवारी २०२० पासून त्या विंडोजला मोफत सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. तो बाबांचा. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, आरत्या, मंडळाची पत्रं असं सगळं ते त्यावर टाइप करतात, तेही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. त्या टायपिंगच्या प्रोग्रॅमला मागे यूएसबीत डोंगल लागतो, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली; ती नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही. त्या फायली नव्या लॅपटॉपवर उघडल्या की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून "नवा घ्या आणि सगळं त्यात कॉपी करा" हा सल्ला आमच्या कामाचा नव्हता. आहे ती विंडोज, आहे त्या सेटिंगांसकट, उचलून नव्या डिस्कवर ठेवायची होती.

घाई झाली ती आवाजामुळे. जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, हार्ड डिस्क टक्‌टक्‌ करू लागली. चवथीच्या आरत्यांची नवी प्रत बाबांना छापायची होती.

विंडोज ७ मध्ये यासाठी लागणारं सगळं आतच असतं. कंट्रोल पॅनेलच्या 'बॅकअप अँड रिस्टोर'मधून संपूर्ण सिस्टीमची इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम आणि फायली सगळ्याची जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर काढता येते. तिथूनच 'सिस्टीम रिपेअर डिस्क' नावाची सीडीही जाळता येते. नवी डिस्क कोरी असते, त्यामुळे तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. सीडीवरून सुरू करायचं आणि इमेज कोऱ्या डिस्कवर ओतायची. आमचा सीडी रायटर इतकी वर्षं बंद होता की ट्रे बाहेर यायला पेपरक्लिप लागली, पण सीडी एका फटक्यात जळली.

इमेज मात्र अर्ध्यात मेली. डिस्कचा काही भाग वाचताच येत नव्हता. म्हणून सीडीवरून मशीन सुरू केलं, आज्ञा टाइप करायचा कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि सी ड्राइव्हवर डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवली, शेवटी स्लॅश आर लावून, म्हणजे ती डिस्कवरचे खराब तुकडे (सेक्टर) शोधून त्यातलं वाचता येईल तेवढं बाजूला काढते. काही सेकंदांत संपली, काहीही दोष नाही. ५०० जीबीची डिस्क काही सेकंदांत? मी खुळ्यासारखा खूश झालो आणि पुन्हा इमेज काढायला गेलो. पुन्हा तिथेच मेली.

गंमत अशी की रिपेअर सीडीवरून सुरू केलं की ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. विंडोज बसवताना सुरुवातीला १०० एमबीचं एक लपलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, तयार होतं, 'सिस्टीम रिझर्व्ड' नावाचं. सीडीने सी हे नाव त्याला दिलं होतं, आणि खरी विंडोज झाली होती डी. मी इवल्याशा पार्टिशनची तपासणी करून पाठ थोपटून घेत होतो. आता आधी फायलींची यादी दाखवणारी 'डिर' ही आज्ञा मारून कुठे काय आहे ते पाहतो, मगच हात लावतो. डी वर चेकडिस्क लावली ती रात्रभर चालली. मध्ये दोनदा दिवे गेले, यूपीएसने धरून ठेवलं. सकाळी पाचवा, शेवटचा टप्पा संपला होता. त्यानंतर इमेज नीट निघाली, १३० जीबीच्या आसपास. यूएसबी २ चा वेग, दीड तास गेला.

मग नवी डिस्क, एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी. म्हापशाच्या दुकानात ४८० जीबीची होती. मी म्हटलं, जुनी ५०० ची आहे. दुकानदार म्हणाला, "वीस जीबीन कितें फरक पडटा?" मलाही पटलं. डेटा तर सव्वाशे-दीडशेच्या आत.

फरक पडला. इमेज ओतायला सांगितल्यावर पडद्यावर संदेश: सिस्टीम डिस्क म्हणून वापरता येईल अशी डिस्कच सापडली नाही. मी डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलली, पोर्ट बदलला. शेवटी डिस्कपार्ट उघडून जोडलेल्या डिस्कांची यादी काढली, तर डिस्क समोर दिसते आहे, ४४७ जीबीची. जुनी दिसायची ४६५. (दुकानातला जीबी हजारच्या पटीत मोजलेला, विंडोजचा १०२४ च्या, म्हणून दोन्ही आकडे खोक्यावरच्यापेक्षा कमी.) इमेज रिकव्हरी आत डेटा किती आहे ते बघत नाही. मूळ डिस्क जेवढी, नवी किमान तेवढी हवी, बस. दुसऱ्या प्रोग्रॅमने पार्टिशन आकसून छोट्या डिस्कवर बसवता येतं, पण टकटकणाऱ्या डिस्कवर पार्टिशन आकसायची माझी छाती झाली नाही. डिस्क परत केली. ५०० ची यायला चार दिवस लागले. तेवढे दिवस कॅबिनेट उघडं, प्लग काढलेला, वर आईचा जुना पंचा पसरलेला.

नव्या डिस्कवर इमेज विनातक्रार ओतली गेली. रीस्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर काहीतरी चेकसमबद्दल ओळ आणि 'एफ १ दाबा'. दाबलं. विंडोजचा लोगो दिसू लागला, एक निळी झलक, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून.

इथे माझी संध्याकाळ गेली. स्टार्टअप रिपेअर एकदा, दोनदा, तीनदा चालवली. बूटरेक या दुरुस्तीच्या आज्ञेने, मशीन सुरू होताना डिस्कवरचं जे आधी वाचलं जातं ते, म्हणजे एमबीआर आणि बूट सेक्टर, नव्याने लिहिलं. दर वेळी एफ १, लोगो, निळी झलक. एफ ८ च्या मेनूत आपोआप रीस्टार्ट बंद करायची सोय असते. ती वापरल्यावर निळा पडदा थांबला आणि कोड वाचता आला, शेवटी ७बी. म्हणजे विंडोज सुरू होते, पण ज्या डिस्कवर ती स्वतः बसली आहे तीच तिला सापडत नाही. क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवरची प्रत, बिघडला, असंच मी धरून चाललो.

वैतागून जुनी डिस्क परत लावली. तीसुद्धा निळी! आठवड्यापूर्वी चालणारी डिस्क, तोच कोड. पोटात गोळा आला. बाबा दारात उभे होते, त्यांना काहीच बोललो नाही. चहाचा अर्धा कप संपल्यावर डोक्यात आलं की दोन्ही डिस्का एकाच चुकीने अडत असतील तर क्लोन अगदी हुबेहूब आहे, आणि घोळ डिस्कबाहेर आहे.

तेव्हा कुठे ती 'एफ १' ची ओळ पूर्ण वाचली. सीमॉस चेकसम चुकला, मूळ सेटिंगं लोड केली. म्हणजे मदरबोर्डने साठवलेल्या सेटिंगांचा ताळा जुळत नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, गेलो तर तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता. प्लग सदोदित लावलेला असायचा म्हणून कोणाला कळलं नव्हतं. चार दिवस वीज तुटली आणि बायोस सगळं विसरला. त्यात साटाचा मोड, म्हणजे मदरबोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता तो जुन्या पद्धतीचा आयडीई झाला. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलेली असते त्याचा ड्रायव्हर सुरुवातीला तयार ठेवते, न लागणारे बंद करून टाकते. मोड बदलला की तिला घराचं दार सापडत नाही.

मोड पुन्हा एएचसीआय केला, नवी डिस्क लावली, सेव्ह करून बाहेर. विंडोज उघडली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला.

बाबा खुर्चीत बसले. टायपिंगच्या प्रोग्रॅमवर डबल क्लिक केलं, तर डोंगल नाही म्हणून नकार. मी टेबलाखाली वाकून मागचे पोर्ट चाचपू लागलो. ते शांतपणे उठले, देवघराचा खण उघडला आणि कुंकवाच्या डबीमागून डोंगल काढून माझ्या हातात दिला. "तू पहिल्या दिवशी स्क्रू काढायला लागलास ना, तेव्हाच काढून ठेवला होता."