भाजलेली कालवे : पाचवी खेप

या रविवारी पाचव्या खेपेत प्रथमच बाराही कालवे (ऑयस्टर) आपापल्या पाण्यासकट ताटात पोहोचली. याचे श्रेय वरच्या मसाल्यापेक्षा शिंपला सरळ बसवण्याला आहे, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

कालवे माहीमच्या बाजारातून आणली. आपल्याकडे बहुतेक वेळा गर काढूनच विकतात, म्हणून शिंपल्यासकट हवी असल्याचे मावशींना आठवडाभर आधी सांगून ठेवावे लागले. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडतात आणि तेव्हाच ती नीट फोडून काढता येतात, त्यामुळे तिथी पाहूनच बेत आखते. कालव पाणी गाळून जगते व त्या पाण्यातले बरेवाईट स्वतःत साठवते. म्हणून शहराच्या खाडीतला माल मी घेत नाही, अलिबागकडचा मागते. "ताई, टिचकी मारून बघा, तोंड मिटलं नाही तर टाकून द्या," हे मावशींचे सांगणे मी दरवेळी पाळते. चौदांपैकी दोन त्यामुळेच बाद झाली.

खरी कसोटी उघडण्याची असते. आपले खडकावरचे कालव लहान आणि वेडेवाकडे असते, कडेला दातेरी असते, त्यामुळे बिजागरी कुठे आहे हेच आधी शोधावे लागते. जाड फडक्यात धरून खोलगट बाजू खाली ठेवायची, आखूड बोथट सुरीचे टोक बिजागरीत रुतवून मनगट फिरवायचे, आणि 'कट्' असा बारीक आवाज आला की सुरी वरच्या झाकणाला चिकटवून स्नायू कापायचा. हात तिरका झाला की सगळे खारे पाणी सांडते. पहिल्या दोन खेपांत नेमके तेच झाले आणि भाजल्यावर गर कोरडा पडला.

१८८९ साली न्यू ऑर्लिन्सच्या 'अँत्वान' या उपाहारगृहात ज्यूल्स अल्सियातोर यांनी 'ऑयस्टर्स रॉकफेलर', म्हणजे हिरवा मसाला घालून शिंपल्यातच भाजलेली कालवे, हा पदार्थ तयार केला. मूळ कृती त्या घराण्याने कधी उघड केली नाही, म्हणून हिरवा मसाला आपल्या चवीचा करण्यात मला कोणतीच आडकाठी वाटत नाही. मी पालक आणि थोडा आंबट चुका उकळत्या पाण्यातून काढून पंच्यात घट्ट पिळते, लोण्यात लसूण परतून त्यात मिसळते आणि शिळ्या पावाचा चुरा वर भुरभुरते. तिसऱ्या खेपेत पालक कच्चाच घातला होता, त्याला पाणी सुटून कालवाची चव पातळ झाली. चीज मात्र मी कायमचे वर्ज्य केले आहे.

यावेळी ट्रेमध्ये किलोभर खडे मीठ पसरून ते ओव्हनबरोबरच २३० अंशांवर तापू दिले आणि चिमट्याने एकेक शिंपला त्यात दाबून बसवला. खालूनही आच मिळाल्याने दहा मिनिटांत कडा चुणल्या, चुरा सोनेरी झाला आणि पाणी शिंपल्यातच उकळत राहिले. पंधरा मिनिटे ठेवलेली चौथी खेप चिवट झाली होती. जंतूंचा धोका लक्षात घेता दहा मिनिटांच्या खाली मात्र मी उतरणार नाही.

पुढच्या अमावास्येला लसणाऐवजी पातीचा लसूण घालून पाहायचा आहे आणि लोणी निम्मे करायचे आहे, कारण शेवटच्या घोटात समुद्राआधी लोणीच जिभेवर आले.