नातं : आंटी

ऑनर सोसायटीच्या निवडीची पत्रं सोमवारी दुपारी गेली आणि मंगळवारी सकाळी आठच्या आत पहिला फोन आला. समोरच्या बाईंनी आधी इंग्रजीत सुरुवात केली, माझं आडनाव ऐकलं आणि सरळ मराठीवर आल्या. "मॅडम, हिचा जीपीए तीन पॉइंट नव्वद आहे. हिच्यापेक्षा कमी असलेल्या मुलीला घेतलंय. मग हिला का नाही?"

न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये मी केमिस्ट्री शिकवते आणि नॅशनल ऑनर सोसायटीच्या, म्हणजे अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य बघून हायस्कूलच्या मुलांना सभासद करून घेणाऱ्या देशव्यापी संस्थेच्या, आमच्या शाखेची ॲडव्हायजर आहे. पत्रं गेल्यावरचे दोन दिवस फोनचे, हे ठरलेलंच. दुसऱ्याच्या मुलीविषयी मी एक शब्दही बोलू शकत नाही, हे आधी सांगून टाकते. मग जीपीएचं, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरी गुणांचं, सांगते, कारण निम्मी भांडणं तिथेच असतात.

जीपीए हे फक्त दार आहे. राष्ट्रीय नियमाप्रमाणे एकत्रित सरासरी किमान ८५ टक्के, म्हणजे बी, म्हणजे ४ पैकी ३.० लागते. शाखेला ती वाढवता येते, कमी करता येत नाही. आमची ३.५ आहे, तीही वेटेड नव्हे. एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला एरवी मिळणारा जादा गुण इथे धरत नाहीत. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. सहा सारख्या क्रेडिटच्या विषयांत चार ए आणि दोन बी असतील तर २२ भागिले ६, म्हणजे ३.६७. ३.४९ असेल तर ३.४९च. एकाला वर ढकललं की सगळ्यांना ढकलावं लागतं, आणि मग ३.४६वाला दारात उभा. नववीचे गुणही या बेरजेत येतात, पण नववीतल्या मुलाला सभासद होता येत नाही. दहावी ते बारावीच. शिवाय त्या शाळेत एक सेमिस्टर झालेलं हवं. पुण्याहून जानेवारीत आलेल्या मुलाच्या पालकांना हे समजावताना दरवर्षी माझा घसा बसतो.

दाराच्या आत आलात की सगळे सारखे. ३.५२ आणि ४.० यांत फरक करायचा नाही, मेरिट लिस्ट नाही, कोटाही नाही. आत तीन गोष्टी बघतात: सेवा, नेतृत्व, चारित्र्य. अभ्यास ही चौथी, ती दारातच झाली.

बाई शांत झाल्या नाहीत, आणि व्हायचं कारणही नव्हतं. "म्हणजे सेवा कमी पडली? अहो, दर रविवारी जाते ती!"

"तुम्ही या. तुमच्या मुलीचा स्वतःचा फॉर्म तुम्हाला बघता येतो. दुपारी अडीचला."

समिती कशी असते ते इथे सांगायला हवं. मुख्याध्यापक दरवर्षी पाच शिक्षक नेमतात, मत त्यांचंच. ॲडव्हायजर बसते, कागद पुरवते, नियम सांगते, मत देत नाही. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक समितीत बसू शकत नाहीत, कारण अपील मुख्याध्यापकांकडेच जायचं असतं. पाचांतल्या तिघांनी हो म्हटलं की निवड. कोणी काय मत दिलं आणि किती पडली, ते खोलीबाहेर जात नाही; या लिखाणातही येणार नाही.

त्या वर्षी जीपीएच्या दारातून ७१ जण आले होते. सगळ्यांना माहितीचा फॉर्म गेला, ५८ परत आले. पालक त्याला 'ॲप्लिकेशन' म्हणतात, पण तो अर्ज नव्हे. सोसायटी मुलांना निवडते, मुलं सोसायटीकडे मागत नाहीत. हा शब्दच्छल वाटेल, पण कोर्टापर्यंत गेलेल्या प्रकरणांत हाच मुद्दा फिरून फिरून येतो: सभासदत्व हा हक्क नाही, मान आहे. म्हणून निवड झाली नाही तर सुनावणी मिळत नाही. घेतलेल्या सभासदाला काढायचं असेल तर मात्र लेखी नोटीस आणि समितीपुढे त्याचं म्हणणं ऐकणं, दोन्ही लागतं.

फॉर्मवर मुलांची नावं झाकलेली असतात, नुसते नंबर. बाईंची मुलगी ३७ नंबर. अडीचला बाई आल्या, मी फाइल उघडली, आणि माझ्या कपाटातल्या कागदांवर माझाच विश्वास उडायची वेळ आली.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर सेवेचा तक्ता असतो. रकाने पाच: काम, तारखा, तास, देखरेख करणाऱ्याची सही, आणि 'विद्यार्थ्याशी नातं'. आमचा स्थानिक नियम असा की दोन वर्षांत ४० तास, आणि सही नातेवाईकाची चालत नाही. ३७ नंबरने दोन ओळी भरल्या होत्या. फूड बँक, ९ तास. आणि 'संडे स्कूल असिस्टंट', ३१ रविवार, ६२ तास. नात्याच्या रकान्यात निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहिलं होतं: आंटी.

शेजारी पिवळी चिकटचिठ्ठी. आमच्या इंग्रजीच्या सहकारी बाईंनी पहिली छाननी केली होती, त्यांचं अक्षर: 'नातेवाईक?' प्रश्नचिन्हासकट. आणि समितीपुढे ठेवलेल्या गोषवाऱ्यात, जो मी रात्री घरी बसून टाइप केला, त्यात ३७ पुढे होतं: 'नातेवाईकाची सही, ६२ तास बाद. मान्य ९.' प्रश्नचिन्ह गळालं होतं. ते माझ्याकडून गळालं.

बाई तक्त्यावर बोट ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, त्या आमच्या कोणी नाहीत. मराठी शाळेच्या को-ऑर्डिनेटर आहेत. मुलं सगळ्यांनाच आंटी म्हणतात."

हे मला सांगायची गरज पडावी, हेच लाजिरवाणं. मी स्वतः पन्नास मुलांची आंटी आहे. पण गोषवारा करताना मी फॉर्म उघडला नव्हता, फक्त चिठ्ठ्या वाचत गेले होते. आमची लेखी पद्धत स्पष्ट आहे: सहीबद्दल शंका असेल तर समिती बसण्याआधी ॲडव्हायजरने सही करणाऱ्याला फोन करायचा आणि उत्तर लिहून ठेवायचं. फोन झाला नव्हता.

'संडे स्कूल' या शब्दानेही घोळ वाढवला होता. आपल्या पोरांची मराठी शाळा रविवारी भरते, म्हणून ती तिला संडे स्कूल म्हणतात. अमेरिकन कानाला संडे स्कूल म्हणजे चर्चमधला धर्मशिक्षणाचा वर्ग. समितीत एकाने विचारलंही होतं की हिने तिथे शिकवलं की ही तिथे शिकायला बसली? स्वतःच्या शिकवणीचे तास सेवेत धरत नाहीत. तास आधीच बाद आहेत म्हटल्यावर तो प्रश्न तिथेच विरला. प्रत्यक्षात ही मुलगी बालवाडीच्या वयाच्या चौदा पोरांना बाराखडी गिरवायला बसवत होती, आणि रांगेत उभं करून प्रार्थना म्हणवत होती. सेवा तर आहेच, नेतृत्वाच्या रकान्यातही जायला हवं होतं. तो रकाना तिने कोरा सोडला होता. तिच्या लेखी नेतृत्व म्हणजे क्लबचा प्रेसिडेंट. आपल्याकडच्या मुलांची ही हमखास चूक. पद नसेल तर ती लिहीतच नाहीत; गणपतीत चाळीस पोरांचं नाटक बसवलेलं असतं आणि फॉर्म कोरा.

बाईंचा पुढचा प्रश्न, "आता व्हर्जिनियाला, रेस्टनच्या हेडऑफिसला लिहू का?"

उपयोग नाही. ही सोसायटी १९२१ साली पिट्सबर्गच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केली, नियमावली त्यांची, पण कुठल्याही मुलाच्या निवडीवरचं अपील ते ऐकत नाहीत. अपील शाळेतच, मुख्याध्यापकांकडे, आमच्याकडे पाच शालेय दिवसांच्या आत.

"एकच पान लिहा," मी म्हटलं. ॲडव्हायजरने हे सांगावं का, असं कोणी विचारेल. अपील कसं करायचं हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. बहुतेक अपिलं फसतात ती तीन कारणांनी. पालक दुसऱ्या मुलांची तुलना करतात, ती वाचलीच जात नाही. नवी सर्टिफिकेटं जोडतात, ती घेता येत नाहीत, कारण बाकी ५७ जणांना ती संधी नव्हती. किंवा सहा पानं मुलीच्या गुणांवर लिहितात, आणि गुणांचा निवाडा समितीचा असतो, मुख्याध्यापकांचा नाही. मुख्याध्यापक बघतात ते एवढंच: लिहून ठेवलेल्या पद्धतीतली कुठली पायरी चुकली का. बाईंनी बुधवारी सकाळी पान आणून दिलं. त्यात चार वाक्यं होती. सही कोणाची, नातं नाही, शंका विचारली गेली नाही, पुन्हा बघावं.

मी त्याच्या खाली माझं पत्र जोडलं: चूक कोणाची आणि नेमकी कुठे.

आता खरा कठीण भाग. नियम सगळ्यांना सारखा लावायचा असेल तर ३७ नंबर एकटाच उघडून चालत नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं, सगळे ५८ बघा, फक्त नात्याचा रकाना. सहकारी बाई आणि मी शाळा सुटल्यावर लॅबच्या टेबलावर फॉर्म मांडून बसलो. दीड तास लागला. आणखी दोन निघाले.

एकात 'अंकल' होतं, तोही बाद केलेला. फोन केला, तर तो मुलाचा सख्खा मामा. बाद तो बादच राहिला.

दुसऱ्यात 'टीटा' होतं. फिलिपिनो घरातला मुलगा. छाननीत ती सही मान्य झाली होती, कारण 'टीटा' हे त्या बाईंचं नाव असावं असं वाटलं होतं! टीटा म्हणजे मावशी-आत्या, आणि आपल्या आंटीसारखंच ते कोणालाही म्हणतात. म्हणजे एकच शब्द, दोन भाषांत. एका मुलाला चालला आणि एका मुलीला नाही. ३७ नंबरच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा कुठला वकीलही काढू शकला नसता. टीटाही नातेवाईक नव्हत्या, त्यामुळे त्या मुलाचं काही बिघडलं नाही. पण फोन केल्याशिवाय ते आम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे तिथेही आम्ही नशिबानेच बरोबर ठरलो होतो.

को-ऑर्डिनेटर बाईंना मी तीनच प्रश्न विचारले: काय काम, कोणत्या तारखांना किती तास, आणि रक्ताचं किंवा लग्नाचं नातं आहे का. उत्तरं ईमेलवर मागितली. मुलगी किती गुणी आहे हे सांगायला त्या उत्सुक होत्या. ते मला थांबवावं लागलं. खातरजमा म्हणजे आहे ते खरं की खोटं एवढंच, शिफारस नव्हे.

शुक्रवारी समिती पुन्हा बसली, तेच पाच जण. ३७चा तोच फॉर्म, एक शब्द वाढवलेला नाही, वर ईमेलची प्रत. एका सदस्याने चारित्र्याचा मुद्दा काढला: वर्गात मागे बसून बोलत असते, असं कोणीतरी म्हणालं होतं. 'कोणीतरी' चालत नाही. शिस्तीच्या नोंदवहीत काही आहे का? नाही. मग विषय संपला. दर सप्टेंबरमध्ये नव्या समितीला मी केंटकीतल्या ग्रँट काउंटीचं १९९८चं प्रकरण सांगते. दोन मुलींचे गुण पुरेसे होते. एक गरोदर होती, एकीला मूल होतं. समितीने त्यांना चारित्र्यावरून वगळलं. बाकी कोणत्याही मुलाला किंवा मुलीला तसला प्रश्न विचारलेला नव्हता. फेडरल कोर्टाने त्या डिसेंबरात त्यांना सभासद करून घ्यायचा अंतरिम हुकूम दिला. चारित्र्य हा चार खांबांतला सगळ्यात निसरडा खांब. कागदावर नोंद असेल तेवढंच धरायचं.

वीस मिनिटांत मतदान झालं. सोमवारी ३७ नंबरला नवं पत्र गेलं. ते मी स्वतः टाइप केलं आणि दोनदा वाचलं.

फोन मी केला नाही, पत्रच जाऊ दिलं. एकीला फोन केला की उरलेल्यांनाही करावा लागतो. बाईंचा मात्र आला. आभार मानायला नव्हे. "मॅडम, सभासद झाल्यावर पुन्हा तास भरावे लागतात का?" लागतात. सभासद राहायलाही ३.५ टिकवावा लागतो. खाली गेला तर आधी लेखी ताकीद आणि सुधारायला मुदत. काढून टाकलेला किंवा स्वतःहून राजीनामा दिलेला सभासद पुन्हा कधीच घेतला जात नाही, म्हणून बारावीत कंटाळा आला तरी राजीनामा देऊ नये. आणि शाळा बदलली तर आमचं पत्र न्यायला विसरू नये. त्यावर नव्या शाळेची शाखा आपोआप घेते, फक्त एका सेमिस्टरात तिथले निकष गाठावे लागतात.

फॉर्मचा तो रकाना मी त्याच आठवड्यात बदलला. 'नातं' काढून दोन चौकटी केल्या. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं आहे? हो, नाही. आणि खाली: ही व्यक्ती तिथे कोणतं काम करते? गोषवारा आता मी घरी करत नाही. फॉर्म समोर उघडा ठेवून दोघींनी मिळून करायचा, चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह जसंच्या तसं उतरवायचं, आणि फोन होईपर्यंत ते पुसायचं नाही.

या वर्षीच्या गठ्ठ्यात एकाने 'नाही'वर खूण केली आहे आणि खालच्या चौकटीत लिहिलंय: आजी, पण शेजारच्या. फोन लावायचा आहे.