विळ्यावर चढलेलं तांबं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला. हो म्हणालो आणि फोन ठेवता ठेवता डोळ्यांसमोर आली ती गणिताच्या सरांच्या बाहीवरची निळी नक्षी. बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे डाग. साबणाने जात नाहीत. ‘मखमलाबादचे सर’ एवढं म्हटलं की १९९४ पर्यंतच्या सगळ्या बॅचेसना कळेल, त्यामुळे नाव लिहीत नाही. गेल्या पौषात सर गेले, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसेल.

पहाटे चारला द्राक्षबागेत. साडेनऊला आंघोळ, भाकरी, मग सायकल. मखमलाबाद नाका, मालेगाव स्टँडचा उतार, होळकर पूल, रविवार कारंजा, आणि पहिल्या घंटेला वर्गात. गंगेला, म्हणजे नाशिकच्या गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला की आम्ही पोरं सुट्टीच्या आशेने पुलाकडे बघत बसायचो. त्या दिवशीही सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हजर! रजा घेतली तर फक्त छाटणीला. त्यातही एप्रिलची खरड छाटणी वार्षिक परीक्षेशी भिडायची, म्हणून ती पहाटे बॅटरीच्या उजेडात.

घरात खाणारी तोंडं नऊ. स्वतःची तीन मुलं, धाकटा भाऊ अकाली गेला त्याची दोन, भावजय, म्हातारे आईवडील आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. (दहावे सर, पण ते स्वतःला मोजायचेच नाहीत.) पुतणीचं लग्न स्वतःच्या मुलीआधी लावलं. त्या लग्नात आम्ही पंगतीत वाढायला होतो, आणि सरांच्या अंगात वर्गातलाच कोट होता.

आता तो रविवार. १९८६, मी नववीत. गुणोत्तर-प्रमाणात मला सहामाहीला पंचवीसपैकी चार. सर म्हणाले, “रविवारी बागेत ये, गणित तिथे शिकवतो.” ऑक्टोबरची गोडी छाटणी होऊन वीस-बावीस दिवस झालेले, पानं कोवळी लुसलुशीत, आणि वर आभाळ दाटलेलं. बागाइतदाराच्या घरात अशा हवेत कोणी मोठ्याने बोलत नाही. डावणी, म्हणजे पानांवरची बुरशी, एका रात्रीत बसते.

फवाऱ्याला शंभर लिटरला एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना. पिंप दोनशेचं. मी न चुकता दोन-दोन किलो सांगितले, सर खूश झाले. मोरचूद त्यांनी आदल्या रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात टांगून ठेवला होता. चुना माझ्याकडे. “पोत्याच्या तळातली कळी घे,” असं सांगून ते पंपाकडे गेले. कळी, म्हणजे चुन्याचा खडा, फोडायची, पाण्यात विझवायची, गाळायची, थंड होऊ द्यायची, कोण करतो? वर भुसभुशीत भुकटी आयती होती. तीच दोन किलो तोलली, कालवली आणि मोकळा झालो.

सरांनी पिंपात लोखंडी विळा बुडवला. मिनिटभराने काढला तर पात्यावर विटकरी लाल थर. तांबं चढलं होतं. मिश्रणात मोकळं तांबं उरलंय, असंच मारलं तर पानं जळणार. मी म्हणालो, “सर, वजन बरोबर होतं.” ते म्हणाले, “वजन बरोबरच आहे रे. चुना मेलेला आहे. वारा लागला त्याला.”

बस, एवढंच बोलले. मग पोत्याच्या तळातून कळी काढायला लावली. पाण्यात पडताच ती फसफसून उकळली तेव्हा मी दचकून मागे सरलो. निवल्यावर वाटी-वाटीने पिंपात ओतत गेलो, आणि दर वाटीला राखेने घासलेला विळा बुडवून बघायचा. सातव्या वाटीला विळा स्वच्छ निघाला. तोवर दुपारचे दोन वाजले होते. काकू भाकरी-ठेचा झाकून बसलेल्या. आमच्याआधी जेवल्या नाहीत. आम्ही हात धुतो तोच टपोरे थेंब पडायला लागले. फवारणी राहिली.

त्या साली बांधाकडच्या चार ओळी डावणीने गेल्या. सोमवारी सर वेळेवर वर्गात होते, आणि उदाहरण घातलं ते दुधात पाण्याचं.

आज सातपूरला माझं प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, बावीस माणसं कामाला आहेत. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवायला लावतो. पोरं हसतात. सरांच्या बागेच्या जागी आता सात मजली इमारत आहे, पार्किंगमध्ये विहीर बुजवल्याची खूणही दिसत नाही. वाटण्या झाल्या, विकावी लागली. पाचही मुलांना सरांनी सारखे हिस्से दिले, पुतण्यांना कमी नाही.

दिवाळीत भेटायला गेलो होतो. खाटेवर उशीला टेकून बसले होते, कान गेलेले. त्या चार ओळींचं अठ्ठावीस-तीस वर्षं नव्हे, चांगलं अडतीस वर्षं पोटात ठेवलेलं शेवटी ओरडून विचारलं, “सर, त्या माझ्यामुळे गेल्या का?”

ऐकू आलं की नाही कोण जाणे. म्हणाले, “मोरचूद काय भाव आहे रे हल्ली?”

मी सांगितला. सर बोटांवर दोनशे लिटरचा हिशोब करत बसले.