आरव्हीचा एसी रात्रभर बॅटरीवर: माझा अनुभव

आरव्हीच्या (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छतावरचा एसी रात्रभर बॅटरीवर चालवायचा म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: बॅटरी किती अँपिअर-अवरची घ्यायची? मी मात्र सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. आपल्या गाडीला एका रात्रीत किती युनिट लागतात, ते आधी मोजलं.

जनरेटर चालू ठेवून झोपणं मला पटत नव्हतं. आवाज एक वेळ सोसता येतो, पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळणार कसा?

माझा एसी १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे गार करण्याच्या क्षमतेचं माप). क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १,३०० वॉट. म्हणजे ८ तास अखंड चालला तर १०.४ युनिट. इन्व्हर्टरमध्ये दहाएक टक्के वाया जातात, ते धरून साडेअकरा. एवढ्या बॅटऱ्या घेणं खिशालाही जड आणि गाडीलाही. म्हणून आधी गाडी तापतेच कशी, याच्या मागे लागलो.

पुढची काच आणि खिडक्या चमकदार इन्सुलेशनने झाकल्या, छतावरच्या व्हेंटमध्ये जाड फोम बसवला. पण खरा फायदा झाला तो एसीचं आतलं झाकण उघडल्यावर. थंड हवा डक्टमध्ये जाते तो भाग आणि खोलीतली हवा परत खेचली जाते तो भाग, यांच्यामधल्या पत्र्याला चांगलं बोट जाईल एवढी फट होती. थंड हवा खोलीत न येताच परत एसीत जात होती! फॉइल टेपने ती फट बंद केली आणि गार हवेचा जोर हाताला लगेच जाणवला. बॅटरीवर पैसे घालण्याआधी प्रत्येकाने हे झाकण एकदा उघडून बघावंच. यानंतर कॉम्प्रेसर मधूनमधून थांबायला लागला आणि रात्रीची सरासरी ६००-६५० वॉटवर आली. म्हणजे नुकसान धरून सव्वापाच ते पावणेसहा युनिट. गरज निम्मी झाली.

मग बॅटरी. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, शिवाय एवढा भार लावला की आहे ती क्षमताही पुरती मिळत नाही. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १२ व्होल्टच्या, ३०० अँपिअर-अवरच्या दोन घेतल्या. दोन्ही मिळून साडेसात युनिटच्या थोडं वर.

१२ व्होल्टवर एसी चालवताना करंट ११० अँपिअरच्या पुढे जातो, त्यामुळे केबल जाड आणि शक्य तितकी आखूड हवी, आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. दोन बॅटऱ्या पॅरलल जोडताना पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून काढली, म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो. तासभर एसी चालवून प्रत्येक लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासला. एखादाच लग बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो जोड सैल आहे असं समजावं.

कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढतो. त्यासाठी एसीत सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा हा झटका कमी करणारं उपकरण, बसवला. आधी दर वेळी ३,००० वॉटचा इन्व्हर्टर गुरगुरायचा आणि दिवे लुकलुकायचे. आता कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, तेही कळत नाही.

या बॅटरीचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सारखंच राहतं. त्यावरून चार्जचा अंदाज बांधू नये. शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग) असलेला मॉनिटर लावावा. संध्याकाळी बाहेरची वीज असेपर्यंत गाडी चांगली गार करून घेतो, मग थर्मोस्टॅट २६ अंशांवर. सकाळी मॉनिटरवर २५ टक्क्यांच्या आसपास शिल्लक दिसते. रात्र फारच उकाड्याची असेल तर त्याहून कमी.

चार्जिंगचं गणित मात्र कडक आहे. छतावरचे ४०० वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हातही दिवसाला दोनेक युनिटच देतात. गाडी चालवताना इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवरून ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला साधारण अर्धा युनिट भरतो. (अल्टरनेटर थेट लिथियमला जोडू नये, तो तापून जळू शकतो.) त्यामुळे एकाच जागी मुक्काम असेल आणि बाहेरची वीज नसेल, तर लागोपाठ दुसऱ्या रात्री एसी मिळेल असं मी धरत नाही.