तुम्ही विचारलंत म्हणून : ते ॲडमिन कनेक्शन ऐन वेळी का लागत नाही?

डेटाबेस सांभाळण्याच्या कामात अनेक वर्षे घालवल्यामुळे नव्याने या कामाला लागलेली मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात. एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, पुरता अडकला आणि साधे लॉगिन होईनासे झाले, तर आत शिरण्यासाठी डेडिकेटेड ॲडमिनिस्ट्रेटर कनेक्शन, म्हणजे आमच्या बोलीत ‘डॅक’, राखून ठेवलेले असते. मग ज्या रात्री त्याची खरी गरज पडते, नेमके त्याच रात्री तेही का लागत नाही? माझ्यापुरते सांगायचे तर डॅक स्वतः नादुरुस्त झाल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. अडथळा दरवेळी त्याच्या अलीकडेच सापडला, आणि बहुतेक वेळा तो आम्हीच घालून ठेवलेला होता.

मुंबईतल्या कोणत्याही जुन्या सोसायटीचे मागचे गेट डोळ्यांसमोर आणा. अग्निशमन दलाची गाडी आत यावी म्हणून ते ठेवलेले असते, पण त्याला टेकून चार स्कूटर उभ्या असतात, कुलपाची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन गावी गेलेला असतो. डॅकचे तसेच होते. २००५च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय आहे. या जोडणीसाठी वेगळा शेड्यूलर (कामांना प्रोसेसरवर पाळी देणारा) आणि थोडी मेमरी आधीच बाजूला काढलेली असते, आत फक्त सिसॲडमिनला, म्हणजे सर्व्हरचे सर्व अधिकार असलेल्याला, प्रवेश असतो आणि एका वेळी एकच माणूस बसू शकतो.

सर्व्हर ‘अडकतो’ म्हणजे काय होते, तेही येथेच सांगतो. आठ कोअरच्या ६४-बिट सर्व्हरवर कामकरी थ्रेड्सची, म्हणजे आलेली कामे उचलणाऱ्या हातांची, मर्यादा मूळ मांडणीनुसार ५७६ असते. एखाद्या सेशनने (सर्व्हरशी लागलेल्या एका जोडणीने) टेबलावर लॉक, म्हणजे इतरांना थांबवणारे कुलूप, धरून ठेवला की मागून येणारी प्रत्येक क्वेरी त्याच्यामागे रांगेत उभी राहते, आणि नुसती उभी राहतानाही एक थ्रेड अडवून ठेवते. रांग पुरेशी लांबली की नव्या लॉगिनची दखल घेण्यासाठीही थ्रेड उरत नाही. अशा वेळी यंत्राचा प्रोसेसर जवळजवळ मोकळा दिसतो, आणि पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैअखेरीस माझ्यावर हीच वेळ आली. कुर्ला-सायनच्या रुळांवर पाणी साचून मध्य रेल्वे बंद पडली होती आणि मी डोंबिवलीला घरीच होतो. सर्व्हर ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये होता. महिनाअखेरचे काम चालू असताना रात्री दहाच्या सुमारास लॉगिन बंद झाले. मी व्हीपीएनवरून डॅक लावून पाहिले, तर नकार आला. कारण साधे होते: मूळ मांडणीत डॅक फक्त त्याच यंत्रावरून येणारी जोडणी स्वीकारते. बाहेरून जोडायचे असेल तर ‘रिमोट ॲडमिन कनेक्शन्स’ ही सेटिंग एकवर न्यावी लागते. तिला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही, एक आज्ञा आणि त्यामागे रीकॉन्फिगर एवढे पुरते. परंतु ती आज्ञा देण्यासाठी आधी आत असावे लागते. रिमोट डेस्कटॉपने यंत्रावर जावे, तर सुरक्षेच्या नियमानुसार तो केवळ ऑफिसमधूनच उघडत असे, आणि ऑफिसला जाणारी गाडी ठाण्यापलीकडे जात नव्हती.

शेवटी मी डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला फोन केला. मुलगा हुशार होता, पण डेटाबेसशी त्याचा संबंध नव्हता. त्याला सर्व्हरच्या कन्सोलसमोर बसवून एसक्यूएलसीएमडी या टाइप करून सर्व्हरशी बोलण्याच्या साधनाची आज्ञा मी अक्षर-अक्षर सांगू लागलो.

“डॅश, त्याला चिकटून ए. मोठा ए.”

“टाकला सर. काहीतरी आर्ग्युमेंट मिसिंग म्हणतोय.”

“शिफ्ट दाबलं होतंस का?”

थोडा वेळ पलीकडून फक्त एसीचा आवाज आला. “नाही सर. कॅपिटल म्हणायचं ना.”

चूक माझीच होती. या आज्ञेत मोठा ए म्हणजे डॅक, आणि लहान ए म्हणजे नेटवर्क पॅकेटचा आकार, ज्याच्यापुढे आकडा द्यावा लागतो. सर्व्हरचे नाव देणारा एसही मोठाच हवा. लहान एस स्तंभांमधले विभाजक चिन्ह ठरवतो. त्याच्या विंडोज खात्याला सिसॲडमिनचे अधिकार नसल्यामुळे एसए या मुख्य ॲडमिन लॉगिनचा पासवर्ड मला फोनवर सांगावा लागला. हे कोणत्याही नियमात बसत नव्हते, म्हणून सकाळी सर्वांत आधी तो बदलला. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, हे सांगायला मी विसरलो होतो. कीबोर्ड बंद पडला आहे असे वाटून त्याने तो दोनदा काढून लावला. मास्टर या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसचे नाव मात्र मी आठवणीने द्यायला लावले होते. डॅक आधी त्या लॉगिनच्या ठरलेल्या डेटाबेसकडे जाते, आणि तोच उपलब्ध नसेल तर ४०६० क्रमांकाची चूक दाखवून दारातूनच परतवते.

आत गेल्यावर पहिली क्वेरी अडलेल्यांची आणि त्यांना अडवणाऱ्यांची होती. ती टाइप करून मुलगा वाट पाहत बसला, कारण शेवटी वेगळ्या ओळीवर ‘गो’ लिहायचे असते हेही मी सांगितले नव्हते. यादी आली. जवळजवळ सगळे एकमेकांमागे उभे होते आणि साखळीच्या टोकाला ८७ क्रमांकाचे सेशन होते, पण चालू विनंत्यांच्या यादीत ८७ कुठेच नव्हते. नवशिका येथे हमखास गोंधळतो. ते सेशन काहीच करत नव्हते, झोपलेले होते, म्हणून ते फक्त सेशनच्या यादीत सापडले, एक उघडा व्यवहार पोटात धरून. कोणीतरी संध्याकाळी बिगिन ट्रान (व्यवहार सुरू) लिहून दुरुस्ती चालवली होती आणि कमिट (व्यवहार पक्का) न करता, पाऊस वाढण्याआधी घर गाठले होते. ‘किल ८७’ दिल्यावर रोलबॅक, म्हणजे अर्धवट बदल मागे घेण्याचा भाग, काही क्षणांत आटोपला आणि लॉगिन पुन्हा सुरू झाले. त्याआधी वरिष्ठांनी सर्व्हर सरळ रीस्टार्ट करा असे दोनदा सांगितले होते. मी ते टाळले, कारण अर्धवट व्यवहार मोठा असता तर तो मागे घेण्याचे काम सर्व्हर उठतानाही करावेच लागले असते, आणि तोवर तो डेटाबेस कदाचित उघडलाच नसता.

दुसऱ्या दिवशी रिमोटची सेटिंग एकवर नेली, तरीही घरून डॅक लागेना. फायरवॉलमध्ये साध्या लॉगिनचा १४३३ हा पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकित दार) तेवढा उघडा होता. नेटवर्कच्या सहकाऱ्याला १४३४ मागितला, तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. जानेवारी २००३मध्ये स्लॅमर नावाचा अवघ्या ३७६ बाइट्सचा वर्म यूडीपी १४३४वरूनच जगभर पसरला होता, आणि हा आकडा ऐकताच नाही म्हणण्याची सवय अनेकांना तेव्हापासून आहे. मात्र यूडीपी आणि टीसीपी या नेटवर्कवर बोलण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि यूडीपी १४३४ हा एसक्यूएल ब्राउझर या पोर्ट सांगणाऱ्या सेवेचा पोर्ट आहे. डॅकला हवा असतो तो टीसीपी १४३४. तोही मूळ इन्स्टन्ससाठी (इन्स्टन्स म्हणजे यंत्रावर बसवलेली सर्व्हरची एक प्रत) आणि मोकळा असेल तरच. नाव दिलेल्या इन्स्टन्सला सुरू होतानाच कोणता तरी पोर्ट मिळतो, तो ब्राउझर सांगतो, आणि ब्राउझर बंद असेल तर एरर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून पाहावे लागते. डॅक कोणत्या पोर्टवर ऐकत आहे आणि केवळ यंत्रापुरते की बाहेरूनही, हे दोन्ही तेथे एका ओळीत लिहिलेले असते. पोर्ट कळला की ब्राउझरला वगळून टीसीपी, पत्ता आणि पोर्ट देऊन थेट जोडता येते.

सर्वाधिक वेळा भेटणारा अडथळा मात्र वेगळाच आहे: जागा आधीच भरलेली असते. मॅनेजमेंट स्टुडिओ या सर्व्हर हाताळण्याच्या प्रोग्राममध्ये सर्व्हरच्या नावाआधी ‘ॲडमिन’ आणि कोलन (:) लिहून मुले ऑब्जेक्ट एक्सप्लोररमधून, म्हणजे त्यातल्या बाजूच्या यादीतून, जोडू पाहतात. तो एकदम अनेक जोडण्या उघडतो, म्हणून डॅक त्याला नाकारते. त्याऐवजी केवळ नवी क्वेरी विंडो उघडून जोडायचे असते. दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे. एकाने दुपारी सराव म्हणून डॅक लावले, विंडो उघडी ठेवली आणि तो जेवायला गेला; त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला १७८१० क्रमांकाची चूक दिसते. साधे लॉगिन चालू असेल तर सेशनच्या यादीत एंडपॉइंट क्रमांक एकवर, म्हणजे डॅकच्या दारावर, कोण बसले आहे ते पाहून त्याला उठवता येते. ते चालू नसेल तर फोन फिरवत बसण्याखेरीज हाती काही नसते.

क्लस्टरवर (एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या यंत्रांच्या गटावर) रिमोटची सेटिंग चालू करून ठेवावी, आणि एक्स्प्रेस या मोफत आवृत्तीत ७८०६ हा ट्रेस फ्लॅग (सुरू करतानाचा खास खटका) देऊन सर्व्हर सुरू केल्याशिवाय डॅक ऐकतच नाही, एवढे जाता जाता नोंदवतो. (पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाले यावरून आम्हाला चिडवतात, कारण त्यांच्याकडे सुपरयूजरसाठी मूळ मांडणीतच तीन जागा राखीव असतात. असोत.)

आत शिरल्यावर काय करू नये, हेही तुम्ही विचारता. डॅकवरून बॅकअप किंवा रिस्टोअर चालत नाही, समांतर क्वेरीही चालत नाही. मी आत गेल्याबरोबर आयसोलेशन रीड अनकमिटेडवर नेतो (वाचताना इतरांच्या लॉकसाठी थांबायचे नाही) आणि लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मुदत, २००० मिलिसेकंदांवर ठेवतो, म्हणजे ज्या रांगेचा शोध घ्यायला आलो त्याच रांगेत मी स्वतः उभा राहत नाही.

आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरवर डॅक लावून पाहिले जाते, एकदा यंत्रावरून आणि एकदा व्हीपीएनवरून, आणि लगेच बंद केले जाते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की एरर लॉगमधला पोर्ट पुन्हा उतरवून घेतला जातो. ऐरोलीच्या कन्सोलशेजारी एक छापील कागद चिकटवलेला आहे. त्यावर पूर्ण आज्ञा आहे, तीन क्वेऱ्या आहेत आणि प्रत्येकीखाली ‘गो’ आहे. त्या रात्रीच्या ऑपरेटरने त्या कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिले आहे : ‘ए मोठा. शिफ्ट दाबा. पासवर्ड दिसत नाही, कीबोर्ड ठीक आहे.’